एका घरामागे एक

१ डिसेंबर, रविवार

ताईचा फोन. हॅलो नाही, कशी आहेस नाही, सरळ मुद्दा — "यंदा नाताळ माझ्याकडे. वहिनीला उगाच त्रास नको."

बरोबरच आहे. दरवर्षी सगळे दादाच्या घरी जमायचो. थोरला ना तो! जूनमध्ये गेला. मी अजून "दादाकडे" असंच म्हणते.

मग म्हणाली, "आणि भेटींचं काय? वहिनीला एक धरायची की अर्धी?"

"अर्धी म्हणजे?"

"अगं, जोडप्याला मिळून एक असायची ना. जोडपं कुठे राहिलंय आता?"

फोन ठेवून भांडी घासायला घेतली. मघाशी घासलेलीच होती. परत घासली.

३ डिसेंबर

नियम आईचा. आम्ही चौघं कमवायला लागल्यावर तिने घालून दिला. सगळ्यांनी सगळ्यांना एकाच किमतीचं द्यायचं, कमी नाही, जास्त नाही. कारण त्या वर्षी दादाने ताईला मनगटी घड्याळ दिलं होतं आणि शेपटाला मोजे! शेपूट म्हणजे आमचा धाकटा. सगळ्यात शेवटी आला म्हणून शेपूट. आता टक्कल पडायला लागलं तरी शेपूटच. त्या मोज्यांवरून त्याने घरात अबोला धरला होता.

पुढे लग्नं झाली तेव्हा आईने त्यात भर घातली — नवरा-बायको मिळून एक. नाहीतर माझ्यासारख्या एकटीचं दिवाळं निघालं असतं. शेपूट म्हणतो, "म्हणून तर मी लग्न करत नाही. उगाच अर्धा होईन!"

आई गेली तरी नियम चालू राहिला. कधी कुठे अडला नाही. आता अडलाय. भेट एका भावंडामागे होती की एका घरामागे? हे कोणी कधी विचारलंच नाही. विचारायची वेळच आली नाही. भावंडामागे असेल तर वहिनीला काहीच नाही. घरामागे असेल तर पूर्ण. ताईने अर्धी कुठून काढली देव जाणे. ती शाळेत हिशेब बघते, कुठल्याही दोन आकड्यांच्या मधला तिला दिसतो.

५ डिसेंबर

आज एका चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली. इतकी वर्षं दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासतेय, बसवतेय — असं कधी झालं नव्हतं. मालक काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

७ डिसेंबर

बाजारात गेले. ताईला थर्मास, शेपटाला डोक्याला बांधायची बॅटरी. तो लिफ्टच्या दुरुस्तीला जातो, दोन्ही हात मोकळे हवेत त्याला. दोन्ही ठरलेल्या किमतीत बसली.

दुकानातल्या मुलीने विचारलं, "रंगीत कागद किती वस्तूंना देऊ?" मी म्हटलं, तीन. दरवर्षी तीनच म्हणते. पण आजचा तिसरा कागद दादासाठी मागितला की वहिनीसाठी, माझं मलाच कळेना. कागद घेतला. गुंडाळी करून कपाटावर ठेवली. मग काढली. मग परत ठेवली.

८ डिसेंबर, रविवार

शेपटाकडे गेले. तो फ्रिज पुसत होता. मी येणार कळलं की पुसतो.

"भावंडं म्हणजे भावंडं," म्हणाला. "राग मानू नकोस. मला वहिनी आवडते. पण चाळिशीसुद्धा नाही झाली तिची. उद्या तिने दुसरा संसार मांडला तर? मांडावाच! पण मग त्या माणसालाही आपण भेट द्यायची?"

मी म्हटलं, "त्याला मोजे दे."

खो खो हसला. हसता हसता फ्रिजकडे तोंड करून उभा राहिला. बराच वेळ तोच एक कप्पा पुसत होता.

घरी येताना एक थांबा आधीच उतरले आणि चालत राहिले. खरी भीती भेटीची नाहीच. दादा गेला. आता वहिनीही हळूहळू लांब गेली तर? भांडण होणार नाही. आमच्यात भांडणं होत नाहीत. नुसते फोन कमी होतील. एक दिवस रस्त्यात दिसेल आणि आम्ही दोघी "ये ना कधीतरी" म्हणू. झालं!

११ डिसेंबर

ठरवलं. पूर्ण. घरामागे एक. बाकीच्यांनी काय करायचं ते करोत.

तर दुकानात जाऊन नुसती उभी! तिला काय घ्यायचं? आजवर त्या दोघांना काय काय दिलं ते आठवत बसले. किटली. पलंगपोस. भिंतीवरचं घड्याळ. टेबलावरचा दिवा. परत एक पलंगपोस. सगळं घराला. तिला तिचं म्हणून एकही नाही. तिचा आवडता रंग माहीत नाही. पायाचं माप माहीत नाही. वाचते का, माहीत नाही. लहान मुलांना पोहायला शिकवते आणि तिच्या केसांना तलावाच्या औषधाचा वास येतो — एवढंच.

हातमोजे घेतले. घरी येऊन स्वतःच्या हातात घालून बघितले. तिचे हात मोठे आहेत की लहान? उद्या परत करणार.

१३ डिसेंबर

वहिनीला फोन केला. मला फोन करायला मुळातच आवडत नाही. आधी पाणी प्याले.

"वहिनी, बरी आहेस ना?"

"आहे गं. आत्ताच कामावरून आले. तू?"

"मीही आहे."

मागे तिच्याकडे नळ वाहत होता. मी कसंबसं विचारलं, "नाताळचं काय ठरवलंस?"

"त्यात ठरवायचं काय? होईल तसं होईल." आणि मग — "मला काही आणू नकोस हं. खरंच नको."

झालं. नको म्हणाली. ताई म्हणते, "दमलीय बिचारी." शेपूट म्हणतो, "बघ, तिलाच नकोय." मला दोन्ही पटतं आणि दोन्ही पटत नाही. जेवण गेलं नाही.

१५ डिसेंबर, रविवार

तलावावर गेले. सांगून नाही. बाहेरच्या बाकांवर मुलांचे आईबाप बसतात, त्यांच्यात बसले. मोठ्या काचेतून आतलं सगळं दिसतं.

एक मुलगी कठडा सोडेना. वहिनी तिच्याशेजारी पाण्यात नुसती उभी. ओढत नाही, रागवत नाही, तिच्याकडे बघतसुद्धा नाही. दुसऱ्या मुलांना सूचना देते आणि एक हात त्या मुलीच्या पाठीमागे पाण्याखाली. हात लावलेला नाही, फक्त ठेवलेला. शेवटी मुलीने कठडा सोडला तेव्हा तिला कळलंही नसेल.

तास संपल्यावर वहिनी बाहेर आली. ओली, कुडकुडत, एका एवढ्याशा टॉवेलने खांदे झाकते तर पाठ उघडी. मी हाक मारायला उठले. तेवढ्यात पुढच्या तासाची शिट्टी वाजली आणि ती परत पाण्यात.

हाक राहिली. पण काय घ्यायचं ते कळलं.

१६ डिसेंबर

टॉवेलच्या कापडाचा झगा. जाड, घोट्यापर्यंत, मोठी टोपी असलेला. गडद हिरवा. माप मोठंच घेतलं, सैल झाला तर झाला.

किंमत ठरलेल्यापेक्षा जास्त. थोडी नाही, चांगलीच जास्त! म्हणजे आईचा नियम मोडला, तोही मी. जिने आयुष्यात कधी रांग मोडली नाही. आता ताईला आणि शेपटाला वरचे पैसे टाकून काही घ्यावं का? मग पुन्हा सगळं सारखं. घरी आल्यापासून डोक्यात तेच.

नाही घेणार. झग्यावरची किमतीची चिठ्ठी कापून टाकली. तिसरा कागद कमी पडला. झगाच एवढा मोठा.

२२ डिसेंबर, रविवार

ताई आली. कोट न काढताच बसली. "मी अर्ध्या किमतीचं बघायला गेले होते गं. अर्ध्या किमतीत काय मिळतं सांगू? एक कप. एक बशी. एकच उशी. जे बघावं ते एकट्या बाईचं वाटायला लागलं. मी दुकानातून तशीच बाहेर आले."

"मग?"

"मग पूर्ण घेतलं. आणि शेपटाने पण घेतलंय, तुला सांगू नको म्हणाला."

हसावं की रडावं कळेना. चहा केला. साखर दोनदा टाकली, तिने मुकाट्याने प्यायला.

२४ डिसेंबर

संध्याकाळी ताईकडे मदतीला गेले. ओट्यावर जागा नाही, चारही शेगड्या चालू. भावोजी टेबल लावत होते. प्लेटा हातात घेऊन उभे — "वहिनींची मांडू का?"

ताईने माझ्याकडे बघितलं. "तुला काही बोलली? येते म्हणून?"

"नाही. तुला?"

"नाही."

"मांडा," मी म्हटलं. त्यांनी मांडली. नंतर आम्ही तिघंही त्या खुर्चीला वळसा घालून जात होतो.

ती आली नाही तर मी झगा घेऊन तिच्या दारात जाणार. काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.

२५ डिसेंबर

सकाळी वहिनीचा मेसेज. "सगळे किती वाजता येताय? शेजारून दोन खुर्च्या आणून ठेवल्यात."

ताईला फोन करून वाचून दाखवला. "म्हणजे यंदा माझ्याकडे जमायचंय हे तिला आपण कोणी सांगितलंच नाही?" मग म्हणाली, "भांडी गाडीत भरते."