खूण नसलेल्या चार ओळी

बाबा, माझ्या डाव्या टाचेखाली तुम्ही कागद सरकवताय. तो अलगद ओढता आला तर पाय रिकामा. नाहीतर भार अजून तिथेच आहे. लखनौला, तेलीबागच्या घराच्या अंगणात धुकं आहे. पेरूचं झाड दिसत नाही, तुमचा नुसता आवाज येतो. कागद फाटतो. "उद्या," तुम्ही म्हणता आणि माझ्या जागी उभे राहून सावकाश हात उचलता. हातांबरोबर धुकंही वर जातंय असं वाटतं. फाटकाशी दूधवाला थांबतो. "बाबूजी, हवा में रोटी बेल रहे हैं?" हात न थांबवता तुम्ही म्हणता, "हाँ भैया, अभी कच्ची है."

रेल्वेच्या नोकरीत कलकत्त्याला असताना एका म्हाताऱ्या चिनी बूटवाल्याकडे तुम्ही 'ताई ची' ही संथ हालचालींची चिनी कला शिकलात आणि त्याची भाषाही. लखनौला बदली झाल्यावर जुन्या चिनी गुरूंची टिपणं मराठीत आणायला घेतलीत: सराव कसा वाढतो, आधी काय येतं, मग काय गळून जातं. रीत तुमचीच होती. ओळ अंगात उतरल्याशिवाय तिचं मराठी करायचं नाही. उतरली की समासात पेन्सिलीची बारीक खूण. एका ओळीला दोन हिवाळे गेले. आई म्हणायची, लिहिणाऱ्यालासुद्धा एवढा वेळ लागला नसेल.

ऐंशी सालानंतर तुम्हाला धाप लागू लागली. शेवटच्या टप्प्यावरच्या चार ओळी उरल्या होत्या आणि पुण्याचे प्रकाशक अपुरं पुस्तक घेणार नव्हते. मुद्रणप्रत मी करत होते. तुम्ही इस्पितळात असताना, तुम्हीच शिकवलेली अक्षरं आणि शब्दकोश यांच्या आधाराने मी त्या ओळी केल्या. खाटेजवळ बसून वाचल्या. तुम्ही पुन्हा एकदा वाचायला लावल्यात.

"मराठी चांगलं आहे," म्हणालात. "पण हे तू केलंयस कधी?"

मी चिडून म्हटलं, पुस्तक राहून जाईल. राहू दे म्हणालात, आपण गेलो तिथवरचंच आपलं. मग डोळे मिटलेत. पांघरुणावर तुमची बोटं पाण्यात असल्यासारखी हलत राहिली. कितीतरी वेळ मी ती पाहत होते.

आता इतक्या वर्षांनी, काल नागपूरहून एका अनोळखी गृहस्थांचं पत्र आलं. तरुणपणापासून ते तुमचं पुस्तक समोर ठेवून सराव करतात. प्रस्तावनेत तुम्ही तुमची रीत सांगितली आहे. शेवटच्या चार ओळी त्यांना अजून साधत नाहीत. पण तुम्हाला साधल्या होत्या, म्हणून ते सोडत नाहीत. त्यांना काय लिहावं कळेना, म्हणून हे तुम्हाला लिहीत बसले आहे. पाठवायला पत्ता नाही, हे बरंच आहे.

तुमच्या तेराव्याला पाहुणे गेल्यावर, संध्याकाळी, तुमचीच पेन्सिल घेऊन त्या ओळींपुढे चार खुणा मी केल्या. हुबेहूब तुमच्यासारख्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चारबागच्या पोस्टात जाऊन पुण्याच्या प्रकाशकांचं पार्सल रजिस्टर केलं. खिडकीतल्या बाबूने विचारलं, आत काय आहे. मी म्हटलं, किताब. किसकी, त्याने विचारलं. मी म्हटलं, पिताजी की.