पितळी नळीतला उजेड

अण्णा, तुम्ही मला आठवता ते शुक्रवारचेच. आपल्या हैदराबाद रियासतीत शाळेला सुट्टी शुक्रवारची. सगळी शाळा रिकामी, विज्ञानाच्या खोलीतून कुंडलिकेचं कोरडं पात्र दिसतंय, भर दुपारच्या उन्हात सगळं जालना डोळे मिटून पडल्यासारखं, आणि तुम्ही धोतराचा सोगा खोचून टेबलावर वाकलेले. टेबलाच्या एका टोकाला ठिणगीचं यंत्र. ज्वारीच्या दाण्याएवढे दोन पितळी गोळे, त्यांच्यामधे ठिणगी उडायची आणि तिच्यातून निघालेली लहर चौकोनी पितळी नळीतून बाहेर पडायची. ती नळी जुन्या जालन्यातल्या तांबटानं तीनदा बनवली होती. 'मास्तर, नळी गोल असती, चौकोनी कशाला?' असं तो दर वेळी विचारायचा. दुसऱ्या टोकाला तसलीच नळी, तिच्यात शिशाच्या खनिजाचा एक चमकता खडा, खड्याला टेकलेली केसासारखी तार, आणि तारेला जोडलेला गॅल्व्हानोमीटर. त्याच्यापाशी मी बसायचे. लहर खड्यापर्यंत पोचली, तर काटा हलायचा.

"हालला का गं?"

"न्हाई, अण्णा."

"मंग तार जराशी सरकव. हळू. फुलपाखराला हात लावल्यावानी."

"हालला! लई हालला!"

"लई म्हंजे किती? मोजल्याबिगर बोलायचं न्हाई."

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. तुम्ही सांगितलं होतं, हा उजेडच आहे, फक्त आपल्या डोळ्यांना न दिसणारा. दिसणाऱ्या उजेडाची लहर इतकी बारीक की पट्टीनं मोजता येत नाही, आणि ही बोटाच्या पेराएवढी. मी ते ऐकून खोलीभर पाहत बसायचे. वाटायचं, पेरापेराच्या लाटा आपल्या केसांवरून, पाटीवरून, तुमच्या चष्म्यावरून चालल्यात, आणि फक्त आपल्याला ठाऊक आहे. मधे लाकडी फळी धरली तरी काटा हलायचा, कोरडी घोंगडी धरली तरी. मग तुम्ही मला मधे उभं करायचात आणि काटा गपकन बसायचा. "माणूस पाण्याचा असतो," तुम्ही म्हणायचात, "पाणी तिला पिऊन टाकतं." एकदा रेल्वेच्या जुन्या टाइमटेबलाच्या पानापानांत तुम्ही चहाच्या खोक्यातला चंदेरी पत्र्याचा कागद घातला. पुस्तक उभं धरलं की लहर अडायची, आडवं धरलं की आरपार जायची. त्या दिवशी तुम्ही इतके हसलात की चाचांनी तुम्हाला पाणी आणून दिलं.

चाचा शाळेत उर्दू शिकवायचे. तुमचे एकुलते एक दोस्त. शिक्षण सगळं उर्दूत, तुम्ही वाचायचात ती मासिकं इंग्रजीत, आणि आपण बोलायचो मराठीत. मासिकातली गोष्ट पोरांना सांगायची तर शब्द चाचा शोधून द्यायचे. तो चमकता खडासुद्धा त्यांनीच हैदराबादेहून रुमालात गुंडाळून आणला होता. दर शुक्रवारी नमाज झाली की ते यायचे, खिडकीत बसायचे, आणि काटा हलला की म्हणायचे, "वा मास्टरसाब! अंधे को भी दिख जाए, ऐसी रोशनी है ये." महायुद्ध संपल्यावर पेपरात रडारची हकीकत आली. लहर सोडायची, विमानावर आपटून परत आली की विमान कुठं आहे ते कळतं. तुम्ही पेपर हातात धरून चाचांच्या घरी पळत गेलात, अनवाणी. "हेच ते! आपलंच आहे हे!" म्हणत होतात. तेव्हापासून तुम्ही नळीसमोर पत्रा टांगून आपटून आलेली लहर मोजायला लागलात.

रियासत मोडली त्याच्या आधीचा उन्हाळा. गावात माणसं दबक्या आवाजात बोलायची. कुणाकडे बिनतारी यंत्र आहे, कोण सरहद्दीपलीकडं बातम्या धाडतो, अशा कुजबुजी. अशाच एका शुक्रवारी पोलिसांचा अमीन दोन शिपाई घेऊन विज्ञानाच्या खोलीत आला. त्यानं नळी उचलून तिच्यातून डोळा लावून पाहिलं.

"किससे बात करते हो इससे?"

"बात नहीं होती, साहेब. ये शाळेचं शिक्षणाचं..." तुमची उर्दू त्या दिवशी अडखळली. मी ती तशी अडखळताना कधी ऐकली नव्हती.

"सब मालूम है. तुम्हारे ही आदमी ने बताया."

त्यांनी टेबल रिकामं केलं आणि तुम्हाला घेऊन गेले. मायनं आठ दिवस चूल धड पेटवली नाही. चाचा मात्र रोज ठाण्याच्या पायरीवर जाऊन बसायचे, ते मी डोळ्यांनी पाहिलं. नवव्या दिवशी त्यांनी तुमची जमानत लिहून दिली आणि तुम्ही घरी आलात. डाव्या कानानं तुम्हाला ऐकू येत नव्हतं. शाळेतली नोकरी गेली होती. नळी, खडा, काटा, काहीच परत मिळालं नाही.

तुम्ही मायला म्हणालात, "त्या खोलीत आम्ही दोघंच होतो. तिसरं कोण सांगणार? ज्याच्या हातात सोडवणं होतं, त्याच्या हातात पकडून देणंबी असणार." मोजल्याशिवाय तुम्ही बोललेलं ते एकच वाक्य. तुमच्या हिशेबात खोलीत दोघंच होतात. मी तिथं होते, पण लेकरू म्हणून मोजले गेले नव्हते.

चाचा दुसऱ्या दिवशी दारात आले. तुम्ही आतल्या खोलीतून मला म्हणालात, "सांग, घरात न्हाईत म्हणावं." मी सांगितलं. चाचांनी उंबऱ्याशी असलेल्या तुमच्या चपलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अच्छा बेटी. सलाम कहना," एवढंच म्हणाले. पुढं सहा-सात वेळा आले असतील. मग आले नाहीत. पुढच्या वर्षी ते हैदराबादला बहिणीकडं राहायला गेले.

अण्णा, ते मी सांगितलं होतं. शाळेत माझ्याशेजारी बसायची त्या मैत्रिणीला. तिचे वडील कचेरीत कारकून होते, त्यांच्या घरी ग्रामोफोन आला होता आणि ती रोज त्याच्याच गोष्टी करायची. एक दिवस मी म्हणाले, "आमचे अण्णा तर भिंतीपलीकडं बोलतात. तारेबिगर. पार मुंबईपर्यंत." मुंबई मी माझ्या मनानं जोडली. पेराएवढी लहर तिला काय समजणार, म्हणून. तिनं घरी सांगितलं असणार. तिचाही दोष नाही. तुम्ही चाचांवर संशय घेतलात तेव्हा मी दाराआड उभी होते. तशीच मागं फिरले.

पुढं मी तुमच्याच वाटेनं गेले. रडारच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. तुम्ही एकदा ती बघायला आला होतात, आठवतं? टेबलावर चौकोनी पितळी नळ्यांची रांग होती, थेट तांबटानं केल्यासारखी. तुम्ही एकीवर बोट फिरवत राहिलात, बराच वेळ. माझे सहकारी बाजूला झाले. "चौकोनीच लागते," तुम्ही म्हणालात, आणि उजवा कान माझ्याकडे वळवून उत्तराची वाट पाहिलीत. आता त्या नळ्याही गेल्या, अण्णा. लहर पेरावरून बारीक होत होत मिलिमीटरांवर आली. सगळं विजेचं मंडळ नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर कोरतात आणि मोटारीच्या पुढच्या अंगात बसवतात, समोर माणूस आला की गाडी आपोआप थांबते. माझी अर्धी हयात पावसात ही लहर किती विरते, हे मोजण्यात गेली. किती मोजलं मी. सगळं बराबर मोजलं.

शेवटच्या आजारात तुम्ही मला जवळ बोलावलंत आणि म्हणालात, "चाचाला पत्र लिही. म्हणावं, मी माफ केलं. मनात काही ठेवू नको." मी खाटेशेजारी बसून लिहिलं, उर्दूत, तुम्ही सांगितलंत तसं, शब्दाला शब्द. तेव्हाही सांगता आलं असतं. खोलीत दोघंच होतो. तुमचा चेहरा इतका निवांत झाला होता की मी फक्त पत्ता लिहिला आणि पत्र पेटीत टाकून आले.

उत्तर आलं ते तुमचं तेरावं झाल्यावर. थरथरत्या अक्षरात चाचांनी लिहिलं होतं, 'बेटी, मास्टरसाब ने माफ किया, अल्लाह का शुक्र. किस बात पे, ये याद नहीं. बुढ़ापा है. मुझसे ही कुछ हुआ होगा. अब उनकी तबियत कैसी है?'

मी उत्तर लिहायला बसले होते, अण्णा. तुम्ही गेलात हेसुद्धा त्यांना कळवायचं होतं. पण पहिल्या ओळीनंतर दुसरी खरीच लिहावी लागली असती. मी कागद घडी करून ठेवला आणि मायला औषध द्यायला उठले. चाचांना तुम्ही गेल्याचं कुणी कळवलं, की कळवलंच नाही, हे मला आजही ठाऊक नाही.