राखीला शिवता येत नाही

राळेगाव, ४ डिसेंबर २००६

ती. स्व. फरहाना वकीलमावशीस राखीचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, बाल कल्याण समितीचा कागद आला. माझी भरतकामाची आवड पाहून मला अमरावतीला एका शिवणशाळेत ठेवणार म्हणे. वीस तारखेला यवतमाळला समितीपुढे पेशी आहे. ही आवड मला आहे, हे मला कागद वाचूनच कळलं.

आई गेल्यापासून तीन वर्षं समितीनं मला मथुरामायकडे ठेवलं आहे. माझ्या वकील म्हणून तुम्ही तीनदा आलात. तिन्ही वेळा मथुरामायला माझी खबर विचारलीत, चहा प्यालात आणि बस चुकेल म्हणून निघालात. मी दारातच सायकलचं पंक्चर काढत बसले होते. बंजाऱ्याची पोर म्हणजे सुईदोरा, असं तुम्ही अहवालात परस्पर ठरवून टाकलंत. मला साधं बटण लावता येत नाही. मथुरामायसाठी एक पोलकं शिवलं होतं, ते त्या पायपुसणं म्हणून वापरतात. कापसाला भाव नाही, तो घरात पडून आहे. मी त्यावर ऐसपैस झोपते.

मला इथून जायचं नाही, मावशी.

थोडी रागावलेली, पण तुमचीच,
राखी

यवतमाळ, ९ डिसेंबर २००६

चि. राखीस अनेक आशीर्वाद आणि सलाम.

तुझं पत्र अय्यूबभाईच्या गॅरेजात वाचलं आणि मान खाली गेली. तुझी जात वाचली, तुला वाचायचं राहूनच गेलं. माफ कर. गॅरेजवाल्याची बहीण असून हिला पोरीच्या हातातला पाना दिसला नाही, म्हणून भाई येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माझी गोष्ट सांगतो आहे. मुसलमानाची पोर म्हणून मला कुणी बिर्याणी करायला लावलं असतं, तर मी भांडले असते. माझ्या हातचा भात घरची मांजरही खात नाही.

सतरा तारखेला, रविवारी येते. चहा नको. तुझ्याशी एकटीशी बोलेन. समितीत कोण बसतं, काय विचारतात, सगळं सांगेन. नवा अहवाल तुला वाचून दाखवूनच त्यावर सही करीन. निकाल आपल्या मनासारखा लागेलच असं खोटं वचन मात्र देणार नाही. आणि बोलायचं तू.

तुझ्या रागालाही जपणारी,
फरहानामावशी

राळेगाव, २२ डिसेंबर २००६

ती. स्व. मावशीस सा. न.

परवा समितीनं विचारल्यावर तुम्ही "राखीलाच विचारा" म्हणून खाली बसलात, तेव्हा तुमचा भारी राग आला. "मले मथुरामायपाशीच राह्यचं हाय, मले काहून धाडता?" हे कसं निघालं, मलाच ठाऊक नाही. दहावीपर्यंत इथंच, असं त्यांनी लिहिलं, ते मी तीनदा वाचलं.

खरी गंमत घरी झाली. कागद आल्यापासून मथुरामाय माझ्याशी पाहुणीसारखं गोड बोलत होत्या, ताटात आग्रहानं वाढत होत्या. मला ते सोसत नव्हतं. परत आलो, तर मी दार उघडं टाकलेलं आणि बकऱ्या कापसात. मग त्यांनी तासभर मला झाडलं. मी ऐकता ऐकता रडायला लागले. तशा त्याही रडायला लागल्या, आणि रडत रडतच उरलेलं बोलून घेतलं.

येत जा. आलात की आधी मला हाक मारा.

तुमची राखी