उजवीकडच्याची चूक

४ मार्च
नवी नोकरी — आणि पहिल्याच सकाळी थक्क! आमची लॅब दातांची. कवळ्या, कॅपा. कामाआधी सगळ्यांनी बाकावर ओळीनं बसायचं आणि आपल्या उजवीकडच्या माणसाची एक चूक मोठ्यानं सांगायची. मॅनेजरचा नियम. ‘चूक दिसली नाही म्हणजे लक्ष नाही!’ त्याला मागून सगळे भिंग म्हणतात. भिंगाची खुर्ची ओळीच्या उजव्या टोकाला, पण चांगलं अंतर ठेवून.

माझ्या उजवीकडे, बाकाच्या टोकाला ताई, दातांचा रंग जुळवणारी. डावीकडे कवळीवाले काका. माझी पाळी आली तेव्हा म्हटलं, ‘मी काल इथे होतेच कुठे!’ सगळे हसले. भिंग नाही.

५ मार्च
ताईनं नळ उघडा ठेवला, असं ठोकून दिलं. धडधडीत खोटं! लाज वाटली. ताई मात्र खूश. का?

७ मार्च
कोणी कोट उलटा घातला, कोणी डबा भलत्या जागी ठेवला. दिवसभर इथे कॅपा तडकतात, मेणानं बोटं भाजतात — आणि चुका अशा दाण्याएवढ्या? कुठेतरी पाणी मुरतंय.

८ मार्च
कळलं! चहाच्या वेळी ताई कानाशी आली. ‘उद्या माझं काय सांगशील? मी टोपी घालायला विसरते, तेच सांग.’ अगं बाई! सगळ्या चुका आदल्या दिवशी ठरवून! काका तर ऑर्डर घेतात — ‘तुझी लहान हवी का मध्यम?’

पूर्वी एकानं खरी चूक सांगितली होती. ज्याची सांगितली त्याला भिंगानं आठवडाभर सगळ्यांदेखत फैलावर घेतलं आणि मग घरी बसवलं. तेव्हापासून ही युक्ती.

बहिणीला हसत हसत सांगितलं. ती म्हणाली, ‘हसतेस काय? उद्या कोणी तुझी खरी सांगितली तर?’

१३ मार्च
भिंगाची चूक कोण सांगतं? त्याच्या शेजारी तर कोणी बसतच नाही!

१९ मार्च
ताईची एक कॅप पिवळी झाली. नमुना खिडकीशी नेऊन नेऊन बघत होती बिचारी. काका गुपचूप उठले आणि रंग बदलून आले. मग लक्षात आलं — ते रोजच उठतात!

ताईला विचारलंच. राहवलं नाही. ‘मोतीबिंदू,’ ती म्हणाली. ‘भिंगाला कळलं तर संपलं माझं.’ मी तिचा हात धरून नुसती बसले.

२६ मार्च
काका रजेवर गेले आणि घात झाला. पिवळा दात बाहेर गेला नि डॉक्टरांकडून परत आला. भिंगानं मला केबिनमध्ये बोलावलं. ‘ताईचं उद्या खरं सांग, मी तुला कायम करतो. नाहीतर तुझा रस्ता मोकळा.’

मला ही नोकरी हवी आहे. वर्षातली तिसरी! ही पण गेली तर आईला काय सांगू? पण एक कळत नाही. बाहेर जाणारा प्रत्येक दात पास करतो भिंग. मग हा पास करताना त्यानं पाहिलं तरी काय?

२७ मार्च
‘ताईनं नळ उघडा ठेवला,’ मी म्हटलं.

भिंग लालबुंद. ‘उद्यापासून तू इथे! माझ्या शेजारी, माझ्या डोळ्यांसमोर!’ स्वतः स्टूल ओढून ताईच्या आणि त्याच्या मध्ये आदळलं.

घरी भाजी चिरता चिरता हात थांबला. उद्या माझ्या उजवीकडे कोण?

२८ मार्च
उजवीकडे भिंग! बोलूनच टाकलं. ‘तो पिवळा दात साहेबांनी न बघता पास केला.’

नियम त्याचाच. कसाबसा म्हणाला, ‘पुढे.’

पुढे ताई. तिच्या उजवीकडे आता मी. ‘हिनं माझी चूक झाकली. मला रंग नीट दिसत नाहीत.’

तिच्या पलीकडे काका, आजच रजेवरून आलेले. ‘ताईनं अर्धंच सांगितलं,’ ते म्हणाले. ‘रोज रंग मी बदलत होतो.’

‘पुढे’ म्हणायला भिंग विसरला. पुढच्यानं आपणहून तोंड उघडलं.