मध्यांतरात बदललेला बैल

नांदेड, रविवार, दि. १२ ऑक्टोबर २०२५, सायंकाळी ५ वाजून ४० मिनिटे. (झेरॉक्सच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून, मशीनवर वही ठेवून लिहीत आहे.)

ती. सिद्रामप्पा मामांस संगमेशचे शरणु शरणार्थी.

मामींचे गुडघे कसे आहेत? मलम लावूनही दुखत असतील तर नळीवरची तारीख बघा. मला त्या नळीचा रंग तेव्हाच पटला नव्हता.

मामा, काल पिच्चरला गेलो होतो. सोबत उदगीरच्या मलप्पांची अक्षरा होती, जिच्याशी तुम्ही माझी सोयरीक जमवली आणि येत्या रविवारी साखरपुडा ठरवला, तीच. मध्ये तिच्या आत्या दानम्मा बसल्या (बसण्याआधी त्यांनी आमच्या तिकिटांचे नंबर तपासले, म्हणजे संशय दोन्हीकडून होता). पडद्यावर पहिलीच पाटी आली : 'सत्य घटनेवर आधारित'. मी तिथेच सावध झालो. खऱ्याला पाटी कशाला लागते? हिरो देवणी तालुक्यातला म्हणे, पण पेरणी करून आला तरी सदऱ्याची इस्त्री मोडली नव्हती. त्याच्या बैलाचा डावा कान काळा होता, मध्यांतरानंतर उजवा काळा झाला. बैल बदलला होता मामा! एवढ्या माणसांत कोणाला पत्ता नाही. पुढे तो बैल मेला आणि सगळं थिएटर रडायला लागलं (संगीत आधी वाजलं, माणसं नंतर रडली, हे मी नोंदवून ठेवलं आहे). अक्षराही रडत होती. तिला धीर यावा म्हणून मी आत्यांच्या पलीकडे वाकून सांगितलं, की मेलेला बैल वेगळाच आहे, पहिला कुठेतरी सुखरूप चरत असेल. आत्या म्हणाल्या, "गप बसा की ओ जावईबापू! त्या बैलाला नीट मरू तरी द्या!"

बाहेर चहा घेताना अक्षराने सरळ विचारलं, "पिच्चरची पाटी तुम्हाला पटली न्हाई. मग तुमच्या बायोडाट्यात बी.ए. लिहिलंय, ते कशावर आधारित हाय?"

मी घाबरून खरं बोललो, "मामांवर."

"आन् फोटोत शेजारी बैल उभा हाय, तो?"

"तोही मामांचा."

आत्यांना ठसका लागला.

मामा, तुम्ही सांगत गेलात, मी टाइप करत गेलो. काना-मात्रेची चूक नाही, एवढंच मी तपासलं. बारावीनंतर एक वर्ष कॉलेजला गेलं म्हणजे बी.ए. होत नाही, हे आपण दोघंही जाणतो. बाकी सर्व ठीक. सिनेमावाले लोकांना कसे फसवतात यावर चार पानं लिहिली आहेत, ती सोबत जोडली आहेत.

आपला भाचा,
संगमेश

ता. क. : ती पानं वाचली नाहीत तरी चालेल. बुधवारच्या आत उदगीरला जाऊन मलप्पांना शिक्षणाचं खरं सांगा. "तुमच्या मोठ्यांनी घरी येऊन सांगितलं तरच साखरपुडा," असं अक्षरा मला म्हणाली. (फोन केला नाही, कारण तुम्ही तो स्पीकरवर ठेवता.)

ता. क. दुसरा : बैल बदललाय हे माहीत असून मीही रडलो होतो. आत्यांची नजर चुकवून डोळे पुसले, पण अक्षराने बघितलं. निघताना म्हणाली, "तुमचं तेवढं मात्र खरं वाटलं." तेव्हा मामा, हात जोडून सांगतो, मलप्पांकडे माझ्याबद्दल चांगलं काही बोलू नका.