अंगणातील झेंड्याच्या खांबाची व्यवस्था

मी, उन्नती रामकिसन सोनटक्के, वय पंचवीस, व्यवसाय प्रयोगशाळा सहायक, राहणार सरावली, बोईसर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाविना लिहीत आहे. दबाव आहे, परंतु तो हे न लिहिण्यासाठी आहे. पुढील सोमवारी मुंबईत माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. त्यापूर्वी घराच्या विक्रीच्या कागदावर मी सही करावी, असे घरच्यांचे म्हणणे आहे. मी त्याऐवजी या कागदावर सही करीत आहे.

पहिले : घर. माझी दिवंगत आई सुगंधा हिने बक्षीसपत्राने माझ्या नावे केलेले दोन खोल्यांचे घर माझ्यामागे धाकटा भाऊ दिग्विजय यास मिळावे. अट एकच : बाबा हयात असेपर्यंत ते विकू नये आणि अंगणातील लोखंडी खांब हलवू नये. दिग्विजय कॅनडात वेल्डर आहे. तो वाईट नाही. बाबांना तो तिकडे नेऊ इच्छितो. मागच्या रविवारी फोनवर म्हणाला, "ताई, देश आता झेंड्यापुरता उरलाय, आणि तोही उघडत नाही. सही कर नि मोकळी हो."

त्याचे हे बोलणे कशाबद्दल होते, ते येथे नोंदवणे आवश्यक आहे. हा खांब बाबांनी परभणीहून इकडे कामाला आल्यानंतर भंगारातल्या पाइपांचा स्वतः उभारला. आमच्या वस्तीचा प्रघात असा की, झेंड्याची गाठ खांब उभारणाऱ्याने बांधावी आणि दोरी त्या वर्षी दहावीत पहिल्या आलेल्या मुलाने ओढावी. माझ्या वर्षी ती मी ओढली होती. कारखान्यात ॲसिडने भाजल्यापासून बाबांच्या दोन बोटांना स्पर्श कळत नाही. यंदाच्या सव्वीस जानेवारीला त्यांच्याकडून गाठ दुहेरी पडली. दहावीतले मूल नसल्याने दोरी पाहुण्यांच्या हाती दिली होती; त्यांनी ती जोराने ओढली, ती कप्पीतून घसरून अडकली आणि झेंडा वरच मिटलेला राहिला. लोक हसू लागले. तेव्हा शेजारची मंगळी पुढे झाली व म्हणाली, "झेंडा आतच हाय ना? मग गानं म्हनू या." आम्ही मिटलेल्या झेंड्यापुढे राष्ट्रगीत म्हटले. झेंडा संध्याकाळी बांबूने ओढून उतरवला, दोरी मात्र कप्पीत अजून तशीच अडकलेली आहे.

त्या दिवसापासून बाबा अंगणात बसत नाहीत. "माय, बंद झेंड्याला सलाम ठोकला आपण. आता हितं काय राहिलं?" एवढेच म्हणाले, आणि घर विकायला तयार झाले.

दुसरे : पुस्तके. शब्दकोश व स्पर्धा परीक्षेची सर्व पुस्तके बोईसरच्या सार्वजनिक वाचनालयाला द्यावीत. ती परीक्षा मी दोनदा दिली. दोन्ही वेळा पेपर आधीच फुटला. तिसऱ्यांदा अर्ज भरताना माझा हात थांबला. देशाचा अभिमान आहे का, असे कोणी विचारल्यास मला पूर्वीसारखे चटकन उत्तर देता येत नाही. सही केली तर बाबा परक्या घराच्या खिडकीत अडकतील. न केली तर मी येथे, कारखान्यांच्या या वासाच्या हवेत. तरीही मला येथेच राहायचे आहे. याचे कारण मला नीट मांडता येत नाही, आणि निबंधात पैकीच्या पैकी गुण मिळवणारीला हे लिहिताना संकोच वाटतो.

तिसरे : दोरी. मी ज्या मराठी शाळेत पहिली आले तिला आता कुलूप आहे. वस्तीत दहावीला या वर्षी कोणीच नव्हते. म्हणून येत्या पंधरा ऑगस्टला दोरी मंगळीने ओढावी. ती डोंगरातल्या पाड्यावरून मजुरीला आली आणि याच वर्षी माझ्याकडे बसून सही करायला शिकली. त्या दिवशी झेंडा खालून वर चढवतात, हे तिला मी सांगितले आहे.

चौथे : शिडी. वस्तीचे अध्यक्ष विनोदकाका यांनी आमची शिडी गणपतीच्या मांडवासाठी नेली, ती परत दिली नाही. सव्वीस जानेवारीला ती त्यांच्या दारातच होती. ते ती आणण्याऐवजी मिटलेल्या झेंड्याचे चित्रीकरण करीत होते आणि नंतर ते हसऱ्या चेहऱ्यांसह सर्वांना पाठवले. मला मोठ्याने भांडता येत नाही. सबब ती शिडी या कलमाने त्यांना कायमची देत आहे. पाहून लाज वाटली, तर उत्तम.

पाचवे : बाबांना मी काहीही ठेवलेले नाही. ही चूक नाही. ज्याला लाभ होतो त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाईंनी सांगितले, आणि मला त्यांची सही येथे हवी आहे. ती नसेल, तर पहिले कलम मी स्वतः खोडून विक्रीच्या कागदावर सही करीन.

हे माझे पहिले व शेवटचे मृत्युपत्र. शस्त्रक्रियेनंतर घरी आले, तर ते फाडण्याचा हक्क मी राखून ठेवते.

स्थळ : सरावली, बोईसर, जि. पालघर
दिनांक : ३ ऑगस्ट २०२५

उन्नती रामकिसन सोनटक्के

साक्षीदार :

१. अर्चना महादू संखे (प्रयोगशाळेतील सहकारी)

२. रामकिसन सोनटक्के
वाचलं. बाकी समदं मान्य. कलम चौथं मान्य नाही. शिडी मी केलेली हाय, विनोदची न्हाई. आत्ताच आणायला चाललो.