पसंतीवरची म्हैस आणि निफाडचं कोर्ट

१२ जून १९३४
निफाडच्या दिवाणी कोर्टाचं समन्स आलं. त्याच तालुक्यातल्या विंचूरच्या फारुखभाईनं दावा लावलाय, म्हैस परत द्या म्हणून. माणसाला धीर म्हणून नाही! संक्रांतीला त्यानंच ती पंचवटीत माझ्या दारात आणून बांधली. बोली अशी, की तीन दिवस दूध काढून बघा, पसंत पडली तर ठेवा. माझं बघणं अजून चालू आहे. घाईनं मत बनवणं माझ्या स्वभावात नाही.

१४ जून, दुपारी अडीच
शेजारच्या क्षेमकल्याणी वकिलांकडून दिवाणी कायद्याचं पुस्तक आणलं. वाचून उडालोच. म्हैस पंचवटीत, मी पंचवटीत, बोलीही पंचवटीत झालेली. म्हणजे दावा नाशिकच्या कोर्टात हवा! निफाडच्या साहेबांची माझ्यावर हुकमतच नाही. बिचारा फारुखभाई.

१५ जून
वकील म्हणाले, दामूअण्णा, मुद्दा बिनतोड आहे, पण ही हरकत पहिल्याच दिवशी लेखी घ्या. जळतात मेले. हुकमाचं पान कोणी पहिल्याच हाताला टाकतं होय? शेवटच्या दिवशी काढीन.
सौ. म्हणाली, अहो, म्हैस विकत तरी घ्या नाहीतर देऊन टाका, मला लाज वाटते. म्हणताना स्वतःच्या चहात दुसऱ्यांदा दूध घालत होती.

९ जुलै
नाशिक रोडहून गाडीनं निफाड. कैफियत दिली. हद्दीबद्दल चकार शब्द नाही. एवढंच लिहिलं, की म्हैस तपासणीखाली आहे. साहेब बराच वेळ माझ्याकडे बघत होते. छाप पडली.

२० ऑगस्ट
साहेबांनी दाव्याचे मुद्दे काढले, म्हणजे भांडण कशाकशावर चालणार ते ठरवलं. आणखी काही हरकत आहे का, असं दोनदा विचारलं. मी गालातल्या गालात हसून नाही म्हणालो. घरी येऊन वकिलांना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

७ नोव्हेंबर, परतीच्या गाडीत
फारुखभाईची साक्ष झाली. म्हणाला, लेक माजिदा बाळंतीण हाय, तिला घोटभर दूध नाय, आन् आमची म्हैस तिकडं अण्णांकडं. ऐकून वाईट वाटलं. पण कायदा तो कायदा. उठलो आणि खणखणीत आवाजात हरकत काढली.
साहेब म्हणाले, बरोबर आहे तुमचं.
मग म्हणाले, पण ही हरकत मुद्दे निघण्याआधी घ्यायची असते. घेतली नाहीत, म्हणजे तुम्हाला हे कोर्ट मान्य झालं. आधी का नाही बोललात? मी खरं तेच सांगितलं, ऐनवेळेसाठी राखून ठेवली होती. पट्टेवालासुद्धा हसला. म्हैस परत द्यायचा हुकूम झाला.
काही हरकत नाही. अपील नाशिकला चालतं!

८ नोव्हेंबर
अपिलातही ही हरकत चालत नाही म्हणे. वकील आपलं पुस्तक घेऊन गेले.

११ नोव्हेंबर
फारुखभाई आला. म्हैस त्याच्या मागे गुमान निघाली, वळूनसुद्धा पाहिलं नाही. फार लागलं मनाला. विचारलं, दुसरी एखादी पसंतीवर देतोस का? म्हणाला, देऊ की अण्णा, पण भांडण झालं तर कोर्ट कुठलं, ते आधी लिहून द्या. मी ताबडतोब लिहून दिलं, निफाड. खाली सही केली. त्यानं कागदाची घडी करून खिशात घातली आणि रामराम केला. दुसरी म्हैस कधी आणणार, ते काही बोलला नाही.
चहा कोरा प्यायलो.